गरवायला गेलो आणि होडी चिखलात बसली : कालावल खाडीतील चार तास

खाडीकाठ

मालवणहून आचऱ्याकडे जाताना कालावलची खाडी लागते. तिच्या काठावर आमचे जुने घर आहे. सह्याद्रीतून येणारी गड नदी येथे खाऱ्या पाण्यात मिसळते. परंतु तोंडवळी-तळाशीलचा वाळूचा लांबट पट्टा आडवा आल्यामुळे तिला समुद्राच्या शेजारून, त्याचा आवाज ऐकत, बरेच अंतर चालावे लागते आणि मगच वाट मिळते. खाडीच्या पोटात खोत जुवा आणि पाणखोल जुवा अशी नारळांनी भरलेली, वस्तीची बेटे आहेत.

नोकरीमुळे माझे गावी जाणे वर्षातून दोनदा होते. गेलो की एक सकाळ काकांबरोबर गरवायला जाण्याची ठरलेली असते. घाटावरच्या वाचकांसाठी सांगतो, गळाला आमच्याकडे गरी म्हणतात आणि गरीने मासे धरणे म्हणजे गरवणे. रीळ लावलेली काठी मी एकदा हौसेने नेली होती. काकांनी ती हातात घेऊन सर्व बाजूंनी पाहिली, बरी आहे म्हणाले आणि परत पिशवीत ठेवायला सांगितले. त्यांचे सगळे हातदोराचे काम असते. तंगूस म्हणजे नायलॉनचा बारीक दोर, शिशाचा गुंडा, गरी आणि तिला लावायला डब्यातले जिवंत सुंगट, म्हणजे कोळंबी.

गेल्या मार्गशीर्षात शुद्ध पंचमीला आम्ही निघालो. तिथीला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची वेळ मिळते, हे काकांचे गणित आहे. त्यानुसार पहाटे पावणेचारला भरती आणि दहाच्या सुमारास पुरी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी, येत होती. साडेपाचला होडी लोटली तेव्हा चंद्र केव्हाच मावळला होता, आणि वल्हे पाण्यात शिरेल तेथे निळसर उजेड उठत होता. पाण्यातले अतिसूक्ष्म जीव पाणी ढवळले गेले की असे चमकतात, हे मला वाचून माहीत होते. तरीही मी पाण्यात किती वेळा हात घातला ते येथे सांगत नाही, कारण ते माझ्या वयाला शोभणारे नव्हते.

उजाडता उजाडता आम्ही कांदळवनातून येणाऱ्या एका अरुंद फाट्याच्या तोंडाशी नांगर टाकला. दोर तर्जनीवरून सोडायचा आणि मग डोळे मिटले तरी चालते, असे काका म्हणतात. मला ते पटायला वीस वर्षे लागली. शिंगाळा आमिष गिळूनच टाकतो, त्यामुळे दोर एकदम जड होतो. पालू दोनदा ठोकून पाहतो आणि तिसऱ्यांदा नेतो. कुर्ली, म्हणजे खाडीतला मोठा खेकडा, दोर अशी सावकाश ओढते की जणू तळाशी कोणी ओले फडके ओढत आहे, आणि वर आणली की पाण्याच्या तोंडाशी येताच सोडून देते. तांबोशी मात्र काही विचारत नाही. एक हिसका बसतो आणि ती सरळ मुळांकडे धावते.

साडेसातपर्यंत तीन पालू आणि एक शिंगाळा होडीत आले. काका नांगर उचला म्हणाले. मी आणखी पाच मिनिटे मागितली, कारण दोरावर पुन्हा ठोके पडू लागले होते. ती पाच मिनिटे वीस मिनिटांची झाली, आणि आम्ही नांगर उचलला तेव्हा होडीचा तळ चिखलाला लागलेला होता. बांबू टेकून जोर लावला तर बांबूच कोपरभर आत गेला. उतरून ढकलण्याचा प्रश्नच नव्हता. त्या चिखलात मांडीपर्यंत पाय जातो आणि खाली कालवांची धार असते. काकांनी बांबू आडवा ठेवला, विडी काढली आणि म्हणाले, "पाणी येईसर होडी काय हलाची नाय. बस गप."

आठ ते बारा असे चार तास आम्ही बसलो. हा धागा त्या चार तासांसाठी आहे.

पहिल्या अर्ध्या तासात मी फक्त स्वतःवर चिडलो होतो, त्यामुळे तो सोडून देतो. मग आवाज ऐकू येऊ लागला. होडीच्या फळीला कान लावला तर तापल्या तेलात मोहरी तडतडावी तसा तो येत होता, आणि थांबत नव्हता. फाट्याच्या मधोमध थोडे पाणी उरले होते, तेथील एका जातीची कोळंबी आपली मोठी नांगी झटकन मिटते तेव्हा हा आवाज होतो. पाण्याखाली इतका गलका चालू असतो आणि वर आपण खाडी किती शांत आहे म्हणतो.

चिखल उघडा पडला तसा तो भरत गेला. आधी बिळांच्या तोंडाशी काहीतरी हलले, मग एकेक खेकडा बाहेर आला. नराची एक नांगी त्याच्या सगळ्या अंगाएवढी मोठी असते आणि दुसरी अगदी किरकोळ. ती किरकोळ नांगी चिखलाचा कण उचलून तोंडात घालत राहते. मोठीने त्याला खाताच येत नाही. मोठी असते ती हलवण्यासाठी आणि भांडण्यासाठी. एकाने ती वर करून खाली आणली, शेजाऱ्याने आणली, आणि बघता बघता होडीपासून कांदळाच्या मुळांपर्यंतचा सगळा चिखल कोणाला तरी बोलावू लागला. माद्यांच्या दोन्ही नांग्या लहान असल्यामुळे त्या दोन्ही हातांनी जेवत होत्या आणि बहुतेक वेळ तिकडे लक्ष देत नव्हत्या.

निवटी, म्हणजे चिखलावर वावरणारा लहानसा मासा, आम्ही लहानपणी पकडून खाल्लेली आहे, पण तिच्याकडे कधी पाहिले नव्हते. होडीपासून दोन हातांवर एक निवटी पुढच्या परांवर अंग टेकून बसली होती. गालांत पाणी धरलेले असल्यामुळे ते फुगलेले होते. अधूनमधून ती एक डोळा खोबणीत आत ओढून घेई आणि ओला करून परत वर काढी, मग दुसरा. एकदा ती कुशीवर लोळली आणि पुन्हा उठून बसली. त्वचा ओली असेपर्यंतच तिला पाण्याबाहेर श्वास घेता येतो. हे सर्व ती माझ्याकडे बघत करत होती, असे मला वाटले. काका म्हणाले की ती माझ्या मागच्या घारीकडे बघत होती.

पाणी परत येते आहे हे आधी खेकड्यांना कळले. आम्हाला काहीच दिसत नसताना त्यांनी चिखलाचे गोळे ओढून बिळांची तोंडे बंद करायला सुरुवात केली. सुकलेली पाने सकाळपासून समुद्राकडे वाहत होती. कांदळाचे एक पिवळे पान होडीसमोर येऊन थांबले, जागच्या जागी फिरले आणि निघाले ते उलट्या दिशेने. काका म्हणाले, "पाणी फिरला. आता दोर सोड."

सोडला. तांबोशी लागली, मुळांत गेली, तंगूस तुटला. एवढेच.

इतरांना गरवताना काय दिसले ते वाचायला आवडेल. मासा किती किलोचा होता, हे कृपया शेवटी लिहावे.

सुरय

फार सुंदर लिहिले आहे. मी पक्षी पाहण्यासाठी खाड्यांवर फिरतो आणि एक गोष्ट मान्य करतो की आम्ही पक्षीनिरीक्षक मंडळी फार लवकर उठतो. यादीत एक नाव वाढले की पुढच्या वळणावर काय असेल याची ओढ लागते. माझा एक मित्र गरव्या आहे. त्याच्याबरोबर एकदा मी पाच तास एकाच खडकावर बसलो. पहिल्या तासात जे पक्षी उडून गेले होते ते तिसऱ्या तासात परत आले, आणि वाकड्या लांब चोचीचा कुरल आमच्यापासून वीस पावलांवर चिखलात मुळापर्यंत चोच खुपसत फिरला. इतक्या जवळून मी त्याला त्याआधी कधी पाहिले नव्हते, कारण दुर्बीण घेतलेला माणूस नेहमी त्याच्या दिशेने चालत असतो.

आपल्या मागे जी घार होती ती तांबूस पाठीची आणि पांढऱ्या डोक्याची असेल तर ब्राह्मणी घार समजावी. परंतु हिवाळ्याचे दिवस असल्यामुळे कैकरही असू शकेल. तो थंडीत आपल्याकडे येतो आणि जवळपास केवळ माशांवर जगतो. पायांवर पाण्यात कोसळतो, कधी कधी पुरता बुडतो आणि उठताना अंग झाडतो. मासा घेऊन निघाला की त्याचे पाय नीट पाहावेत. तो माशाचे डोके पुढे आणि शेपूट मागे असेच धरतो. आडवा लागला असेल तर उडता उडता फिरवून घेतो, म्हणजे वारा कापायला सोपे जाते.

ज्या झाडांपाशी आपण बसला होता त्यांत पेन्सिली रोवल्यासारखी मुळे वर आलेली असतील तर ती तिवराची. सुळक्यासारखी, बुंध्याशी जाड असतील तर चिप्पी. आणि कमानी करून पाण्यात उतरलेली असतील तर तो कांदळ. पांढरी चिप्पी २०२० साली महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष म्हणून जाहीर झाली. तिची फुले रात्री उमलतात, त्यामुळे ती पाहण्याची संधी पहाटे होडी लोटणाऱ्यांनाच अधिक.

खाडीकाठ

मुळे कमानीची होती, म्हणजे कांदळ. तांबोशीने तंगूस तोडला तो त्याच कमानींत. घार कोणती ते मला सांगता येणार नाही. मान वळवेपर्यंत ती गेली होती. निवटी मात्र बिळात शिरलेली दिसली.

उघाडी

आम्ही अलिबागच्या बाजूचे. तिथीचे गणित आमच्याकडेही हेच आहे, पण त्यात एक गंमत आहे. पश्चिम किनाऱ्यावर भरतीची वेळ दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जाते; गोव्याला ती आधी येते आणि मुंबईला नंतर. पाऊणपटीचा हिशेब मुंबईच्या बाजूला बरा जुळतो. मालवणच्या समुद्रावर त्यापेक्षा आधी पाणी चढायला हवे. पण आपण समुद्रावर नव्हता, खाडीत आत होता, आणि खाडीत पाणी पोहोचायला वेळ लागतो. ही दोन अंतरे एकमेकांना खाऊन टाकतात, म्हणून काकांचे गणित बरोबर येते. काकांना हे सांगण्याची गरज नाही. ते त्यांना माहीतच असेल किंवा त्यांना त्याची पर्वा नसेल.

दुसरा फरक उंचीचा आहे. मुंबईकडे उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर चढ-उतार करते, तर तुमच्याकडे दोन मीटरच्या आसपास. आमच्याकडे होडी रुतली असती तर तुम्ही पाण्यापासून अर्धा किलोमीटर दूर बसलेले दिसला असता.

गरवण्याची माझी जागा खारबंदिस्तीच्या बांधावर, उघाडीपाशी आहे. शेतात खारे पाणी शिरू नये म्हणून बांध घालतात आणि आतले पाणी ओहोटीला बाहेर जावे म्हणून त्यात झडपेचा दरवाजा ठेवतात, तिला आम्ही उघाडी म्हणतो. ओहोटीला झडप उघडली की आतले गोडसर पाणी बाहेर पडते, त्याबरोबर बारीक मासळी येते आणि तिच्यासाठी जिताडा येतो. जिताडा येण्याआधी बगळे येतात. दहा-बारा बगळे उघाडीच्या दोन्ही अंगांना रांगेत उभे राहतात, आणि त्यांच्यात जागेवरून जी बाचाबाची होते ती पाहिली की ग्रामपंचायतीची सभा आठवते. झडप अजून बंद असते, पाण्याचा टिपूस नसतो, तरी ते आलेले असतात. त्यांना वेळ कोण सांगते, हे मला अजून समजलेले नाही. मी तिथीवर जातो आणि ते माझ्या आधी तेथे असतात.

अबोली

लेख मनापासून आवडला, आणि म्हणूनच एक गोष्ट बोलून दाखवते. आपण निवटीच्या डोळ्यांचे इतके जवळून वर्णन केले आहे. खेकड्याच्या दोन नांग्यांचा हिशेब दिला आहे. परंतु गरीला लावलेल्या जिवंत सुंगटाविषयी एकच शब्द आहे, आणि तो म्हणजे "जिवंत". होडीच्या तळाशी पडलेले तीन पालू त्या चार तासांत काय करत होते, हेही लेखात नाही. मी मासे खात नाही, पण खाणाऱ्यांना नावे ठेवत नाही. आमच्या शेजारी दोन्ही बाजूंना मासे शिजतात. मला एवढेच विचारायचे आहे की निसर्गाकडे असे पाहणे आणि त्याच हाताने गरी टोचणे या दोन गोष्टी एका होडीत कशा बसतात?

खाडीकाठ

प्रश्न रास्त आहे आणि लेखात ती जागा मी टाळली, हेही खरे.

पालू ओल्या गोणपाटाखाली होते. ते साधारण अर्ध्या तासात शांत झाले. सुंगटाला काका शेपटीच्या बाजूने, पाठीच्या शिरेला धक्का न लावता टोचतात, म्हणजे ते पाण्यात जिवंत राहून पोहत राहते. त्यात दया नाही. हलणाऱ्या सुंगटाला मासा लवकर येतो, एवढेच कारण आहे. आपण विचारले नसते तर मी हे लिहिले नसते.

दोन्ही गोष्टी एका होडीत बसतात की नाही, हे मला ठरवता आलेले नाही. मात्र माझ्याबाबतीत एकीवाचून दुसरी झाली नसती. मासे नको असते तर मी पहाटे पाचला उठलो नसतो, पाच मिनिटे जास्त मागितली नसती आणि होडी रुतली नसती. नुसता पाहायला गेलो असतो तर तासाभरात फोटो काढून घरी परतलो असतो. दोर बोटावर असला की उठता येत नाही, बोलता येत नाही आणि फोन काढता येत नाही. लोभाने बसलो होतो, हे कबूल आहे. जे दिसले ते त्या लोभाच्या बाजूने दिसले.

काळनदी

अबोलीताईंच्या प्रश्नावरून आमच्याकडची जागा आठवली. महाड तालुक्यात बिरवाडीच्या पुढे काळ नदीवर वाळणकोंड आहे. कोंड म्हणजे नदीच्या पात्रातला खोल डोह. तेथे वरदायिनी देवीचे स्थान आहे, आणि डोहातले मासे देवीचे मानले जात असल्यामुळे त्यांना कोणी हात लावत नाही. मासे महाशीर जातीचे आहेत आणि चांगले मोठे आहेत. लोक कुरमुरे टाकतात, मासे थव्याने वर येतात.

मी स्वतः गरव्या आहे. सावित्रीवर लहानपणापासून गरवतो. वाळणकोंडला गेलो की हात शिवशिवतात, हे लपवत नाही. पण तेथे मला एक गोष्ट कळली, जी गरवताना कधी कळली नव्हती. दोरावर असताना मला मासा फक्त लागतो. तो मला दिसतो तेव्हा तो पाण्याबाहेर असतो, म्हणजे मासा राहिलेला नसतो. कोंडावर पहिल्यांदा मी महाशीर त्याच्या जागी पाहिला. कुरमुरे संपल्यावर इतर पांगले आणि एक मोठा मासा प्रवाहाकडे तोंड करून तसाच उभा राहिला. त्याचे सोनेरी खवले एकेक मोजता येत होते, आणि एवढ्या ओढीत तो शेपटीचे टोक तेवढे हलवत होता. मी कित्येक वर्षे प्रवाहात आमिष कोठे सोडावे याचा विचार करत होतो. मासा कोठे उभा राहतो आणि का, ते त्या दिवशी पाहिले. खडकामागे पाणी संथ असते तेथे नव्हे, तर संथ आणि वेगवान पाण्याच्या सीमेवर तो उभा होता.

आता यात पुण्य आहे की नवी चलाखी, ते देवीला ठाऊक. पुढच्याच महिन्यात सावित्रीवर मी त्या सीमेवर आमिष सोडले.

पहिला पाऊस

मी कुडाळकडचा. खाडीचे मला फार कळत नाही, आमचे मासे चढणीचे. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला आणि ओढ्यांना लाल पाणी आले की नदीतले मासे उलटे चढून शेतांत शिरतात. त्याला आम्ही वळगण म्हणतो. रात्री चूड पेटवून वडील आणि चुलते निघायचे, आणि आम्ही मुले मागे टोपली घेऊन असायचो. बेडकांचा आवाज इतका असे की शेजारच्याला ओरडून बोलावे लागे. एकदा चूड विझली आणि दुसरी पेटेपर्यंत सगळे अंधारात उभे राहिलो, तेव्हा बांधावरचे एक झाड काजव्यांनी भरलेले दिसले. सगळे एकदम लागत आणि एकदम विझत होते. चूड पेटलेली असताना त्याच झाडाखालून आम्ही दोनदा गेलो होतो. चुलत्यांनी काडी ओढायला मुद्दाम उशीर केला, असे मला आज वाटते.

मी आता वळगणीला जातो, पण टोपली नेत नाही. ते मासे अंडी घालायला चढलेले असतात; प्रत्येकीचे पोट गाभोळीने फुगलेले असते. हे लहानपणी माहीत नव्हते असे नाही. गाभोळी सर्वांत चवदार लागते म्हणूनच तर जायचो.

हातदोर

थोडे कामाचे लिहितो, कारण वर सगळे छान छान चालले आहे.

तुटलेला तंगूस ही किरकोळ बाब नव्हे. सूत कुजते, तंगूस कुजत नाही. कांदळाच्या मुळांत अडकलेल्या दोरात खेकडे अडकतात, बगळ्यांचे पाय अडकतात. गेल्या वर्षी एक रातबगळा असा फांदीला उलटा लटकलेला मी स्वतः सोडवला. त्याच्या पायाला तंगूसाचे पाच-सहा वेढे होते आणि पाय सुजून काळा पडला होता. सोडल्यावर तो उडाला, पण कसा जगला असेल सांगता येत नाही. तेव्हापासून माझ्या होडीत एक लांब बांबू असतो आणि त्याच्या टोकाला कोयती बांधलेली असते. दोर मुळांत तुटला तर पुढच्या सुकतीला परत जायचे आणि तो काढायचा. खाडीकाठ यांनी "तंगूस तुटला, एवढेच" असे लिहिले आहे. एवढेच नव्हे. तो दोर काढला का?

दुसरे, जिताड्याविषयी. (मालवणकडे याच माशाला खजुरा म्हणतात.) हा मासा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो. म्हणजे सर्वांत मोठा जिताडा, ज्याच्याबरोबर आपण फोटो काढतो, ती बहुधा अंड्यांची मादी असते. लहान सोडावा, हे सर्वांना माहीत असते. पण या माशाच्या बाबतीत फार मोठाही सोडावा आणि मधला घरी न्यावा. सोडायचा असेल तर हात ओले करून धरावा, कारण कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. गरीचा काटा पक्कडीने आधीच दाबून ठेवला तर ती पटकन सुटते. आणि फोटोसाठी मासा कल्ल्यांत बोटे घालून लटकवून मग पाण्यात सोडणाऱ्यांनी तो सोडू नये. सरळ तिखले करावे, निदान कोणाच्या पोटी तरी जाईल.

सुरय

हातदोर यांच्याशी पूर्ण सहमत आहे. दोरात अडकलेले पक्षी मीही पाहिले आहेत, आणि त्यांची नोंद कोणत्याच यादीत होत नाही.

काळनदी यांनी माशाच्या उभे राहण्याबद्दल लिहिले ते धीवरालाही लागू आहे. कवड्या धीवर पाण्यावर हवेत एका जागी फडफडत थांबतो आणि मग सूर मारतो. तो कोठे थांबतो हे मी एका ओढ्याच्या मुखाशी बराच वेळ पाहिले. गढूळ आणि नितळ पाणी जेथे मिळते त्या रेषेवर तो पुन्हा पुन्हा येत होता. गरव्यांनी धीवराकडून शिकावे की त्याने तुमच्याकडून, ते तुम्ही ठरवा.

उघाडी

धीवराकडून. बगळ्यांचे मी आधीच कबूल केले आहे.

खाडीकाठ

हातदोर यांचा प्रश्न वाचून मी ओशाळलो, कारण तो दोर मी काढला नव्हता. त्या दिवशी बारा वाजून गेले होते, भूक लागली होती आणि दुसऱ्या दिवशी दुपारी माझी गाडी होती. दोर पाण्याखाली होता, हे कारण मी स्वतःला दिले होते.

काल रात्री काकांना फोन केला आणि विचारले की पुढच्या सुकतीला तिकडे जाऊन तेवढा तंगूस काढता येईल का. ते म्हणाले, "तू गाडयेत बसलं तेव्हाच जावन इलंय मी." म्हणजे माझी गाडी कणकवली सोडत होती त्याच्या आधीच, षष्ठीच्या सुकतीला, हा सत्तरीचा माणूस एकटा होडी घेऊन त्या फाट्यात गेला होता, आणि या वेळी पाणी असतानाच नांगर उचलून बाहेर आला होता. तांबोशीने तंगूस कांदळाच्या एका कमानीभोवती तीन वेढे देऊन ओढला होता आणि सालीत खाच पाडली होती. चार वाव तंगूस, शिशाचा गुंडा आणि गरी असे सगळे परत मिळाले. गरी मुळात रुतलेली होती, म्हणजे मासा सुटला होता. ती त्यांनी सरळ करून पुन्हा स्वतःच्या दोराला लावली आहे.

मला हे सांगितले का नाही, असे विचारल्यावर ते म्हणाले की त्यात सांगण्यासारखे काय होते. मग थोडे थांबून म्हणाले, "मुळात एक कुर्ली बसली होती, बरी मोठी. ती तेवढी घेवन इलंय."